एका तारेचा दिवा

दुकान बंद करायच्या वेळेलाच यायची विनी क्लेग,
ओल्या कोटासकट काउंटरला टेकायची:
"आले का?"
नव्हते आले. येणारही नव्हते.
जुन्या दिव्यांवर सरकारने बंदी घातलेली
आणि मोरकमच्या या खिळे-बिजागऱ्या-रंगांच्या दुकानात
मी नवे रचत होतो, दहा वर्षं टिकणारे.

एक नेला तिने. दुसऱ्या दिवशी परत.
"याच्या उजेडात माझ्या बगळ्याला सहा चोची फुटतात."

मला पटेना, म्हणून घरीच घेऊन गेली.
चादरीमागे धरला नवा दिवा:
ठिपक्याठिपक्यांचा उजेड,
दर ठिपक्याची वेगळी सावली,
बगळा आपल्याच कडांवरून सांडत होता.
मग जुना. एकच तार, तापलेली.
बगळा एका पायावर उभा राहिला,
मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं.
"सावलीला आई एकच लागते," ती म्हणाली
आणि चहा टाकायला गेली.

पहिला खेळ चौथ्या वर्षी,
लढाईच्या दिवसांत, काळे पडदे ओढलेल्या खोलीत.
फटीतून उजेड गेला तर बाहेरून दार वाजायचं.
आई अंथरुणात. बापाचा टॉर्च, त्यावर रुमाल,
आणि दोन हातांचा मिळून एक कुत्रा.
आई हसली, मग खोकत राहिली.
"तेव्हापासून लोक हसले की मी जरा थांबते.
पुढचा आवाज कसला येतो ते ऐकते."

कोळंबीच्या खोक्यांचा पुठ्ठा, छत्रीच्या काड्या.
बर्नली, बॅरो, ब्लॅकबर्न,
उकडलेल्या कोबीचा वास मारणारे शाळांचे हॉल.
एका वर्षी चौदा खेळ झाले,
बाकीचं वर्ष बिस्किटांच्या कारखान्यात
तुटकी बिस्किटं वेगळी काढण्यात गेलं.
त्यांच्याही सावल्या बघायची म्हणे. मुकादमाने दोनदा झापलं.

दिवा धरायचा नॉर्मन, तिचा नवरा.
एकतीस वर्षं.
समोरून खेळ पाहिला तो एकदाच,
मनगट मोडलं होतं तेव्हा.
परतताना गाडीत अवाक्षर नाही.
लँकास्टरच्या सिग्नलला म्हणाला,
"विनी, बगळा खरा वाटतो गं."
हिरवा पडला तरी ती गाडी हलवेना.

एकदा विचारलं तिने, तुमच्यात काय म्हणतात हिला?
सावली, म्हटलं.
झाड देतं तीही तीच,
आणि माणूस पाडतो तीही.
"एकाच शब्दात भागवता?"
भागतं, म्हटलं.
सावट हा शब्द मी काढला नाही.
पलंगावर नॉर्मनची बाजू अजून घडी न मोडलेली होती.

त्याच पलंगाखाली, अंड्यांच्या खोक्यात,
अकरा दिवे.
एक चालतो साधारण चाळीस खेळ.
मी मनातल्या मनात गुणाकार केला,
तिने माझा चेहरा वाचला.
"हो, माझ्या गुडघ्यांहून जास्त आहेत."
मग रोज का विचारतेस, आले का म्हणून?
"माझ्यासाठी कुठे विचारते?"

मार्चमधल्या एका गुरुवारी
दुकानाला कुलूप लावून मी गेलो दिवा धरायला.
साठ पोरं, खुर्च्यांची खरखर, कुणाला तरी शिंक.
पडद्यावर आमचीच खाडी, ओहोटीची,
लांबवर वाळू, वाळूत बगळा.
सांगितलं होतं, हात हलवू नको.
पण काच तापली,
बोटांना चटका बसला, हात थरथरला,
आणि सगळी वाळू वर उचलली गेली,
पाणी बगळ्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं.
पोरं किंचाळली: भरती! भरती!

मी माफी मागायला तोंड उघडलं.
पडद्याआड, अंधारात, तिचा दबका आवाज,
"थांबू नको.
तसाच कापू दे हात."